पोकळ टाळी

आई गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या घरी सुरमईचं कालवण शिजत होतं. आईचा चेहरा आता मला फोटो बघितल्याशिवाय नीटसा आठवत नाही, पण ते कालवण आठवतं. दोह्याच्या अल मुंतझा भागातल्या त्या जुन्या इमारतीत तीन खोल्यांचं बिऱ्हाड होतं आणि बाबा आणि चाचा हे दोघे भाऊ बायका-पोरांसकट त्यात राहत होते. आई तब्येतीसाठी रत्नागिरीकडे गावी गेली होती, महिन्याभरात येणार होती. फोन चाचांनी घेतला. ते बराच वेळ नुसतं 'हां, हां' म्हणत राहिले आणि मग रिसीव्हर ठेवून सोफ्यावर बसले. चाची हातात पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली, तिनं त्यांच्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि मागं वळून कालवण लागू नये म्हणून गॅस बारीक केला. बंद केला नाही.

आमच्यात रीत अशी की ज्या घरात मयत होते त्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, भावकीतले लोक जेवण आणून देतात. तेही साधं, वरण आणि भात, आणि वरणाला फोडणी घालायची नाही. फोडणीचा वास म्हणजे घरात सगळं सुरळीत चालल्याची खूण, असं माझी आई सांगायची. पण मयत गावी झालेली आणि आम्ही दोह्यात. इथं ना जनाजा निघाला, ना कुणी अंगणात येऊन बसलं, कारण अंगणच नव्हतं. चाचीनं चाचांना विचारलं, चाचांनी बाबांना विचारलं, बाबा कपाटात आपला पासपोर्ट शोधत राहिले. माझ्या दोन्ही धाकट्या चुलतभावंडांची शाळा होती, चाचांची ड्युटी होती. त्यामुळे रीत मोडली असं कुणी म्हटलं नाही आणि पाळलीही नाही. दुपारी आम्ही सगळे कालवण-भात जेवलो. मीही जेवले, आणि काटे नीट काढून जेवले.

बाबा दुसऱ्या दिवशीच्या विमानानं गेले, तोवर दफन होऊन गेलं होतं. माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी कफीलच्या, म्हणजे बाबांना तिथं कामाला ठेवणाऱ्या मालकाच्या, ऑफिसात अडकलेला, म्हणून मी मागंच राहिले. बाबा परत आले तेव्हा त्यांच्या हातात आईची बॅग होती. ती त्यांनी कपाटावर ठेवली आणि ते कामावर रुजू झाले. तेव्हापासून त्यांनी आईचं नाव घेतलं नाही. संध्याकाळी कामावरून आले की जेवायच्या टेबलाशी बसायचे आणि त्यावरच्या प्लास्टिकवरून सावकाश हात फिरवायचे, जणू काही सांडलंय आणि ते त्यांनाच दिसतंय.

आणि मी रडले नाही. ही गोष्ट घरात आणि घराबाहेर फार लवकर सगळ्यांच्या लक्षात आली. समाचाराला येणाऱ्या बायका मला जवळ ओढायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या आणि "रड गो पोरी, मोकळी हो" म्हणून माझ्या तोंडाकडे आशेनं बघत बसायच्या. मला त्यांची लाज वाटायची, कारण एवढ्या लांबून टॅक्सी करून आलेल्या बायकांना मी रिकाम्या हातानं परत पाठवत होते. दुःख लपवत होते म्हणावं तर तसंही नाही. ते सापडतच नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय आपला वाटेनासा होतो ना, तसं सगळं अंग झालं होतं. शाळेत जायचे, इंग्रजी निबंध लिहायचे, भांडी घासायचे. चाची एकदा शेजारणीला म्हणाली, "दगड हाय पोर." ते मी ऐकलं आणि मला तेही लागलं नाही. चाची दुष्ट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. तिच्या जिभेला हाड नव्हतं, एवढंच.

त्या इमारतीत सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच अरुंद मोकळ्या जागेत उघडायच्या. वरपासून खालपर्यंत पाइप, एसीचं गळणारं पाणी आणि कुणाच्या तरी हातून पडलेले कपड्यांचे चिमटे. कुणाकडे काय शिजतंय, कोण कुणाला काय बोललं, सगळं त्या खिडकीतून समजायचं. मल्याळी बिऱ्हाडातलं खोबरेल तेल आणि आमच्या सुक्या बांगड्यांचा वास तिथंच भेटायचे आणि भांडायचे. आज तिथं काचेची उंच इमारत उभी आहे. मी परवा मुलाच्या गाडीतून तिथून गेले तेव्हा अंदाजानंही जागा ओळखता आली नाही.

तर एका दुपारी त्या खिडकीतून रडणं ऐकू आलं. बाईचा आवाज. नुसतं हुंदके देणं नाही, तर खोलवरून सुरू होऊन वर चढत जाणारं, मध्येच तुटणारं, आणि जिथं तुटलं तिथूनच पुन्हा उचललेलं असं काहीतरी. शब्द होते, पण कोणत्या भाषेतले ते कळेना. चाचीनं नळ बंद केला.

"नसीम, ऐकतेस काय गो? वर मयत झालीय."

वरच्या बिऱ्हाडात नुकतंच एक स्पॅनिश जोडपं राहायला आलं होतं. नवरा एका मोठ्या हॉटेलात आचारी होता आणि फ्लॅट हॉटेलनंच दिलेला. बायको उंच, काळ्या केसांची, जिन्यात भेटली की मान हलवणारी. एवढीच आमची ओळख.

"बाय परदेशात एकटी पडलीय," चाची म्हणाली, आणि त्याच वेळी तिनं तुरीची डाळ धुवायला घेतली होती. "जात कुठली पण असू दे. मयताच्या घरात चूल पेटवायची काय तिनं?"

त्या वेळी मला काही वाटलं नाही. आज वाटतं. चाचीनं फोडणी न घातलेलं वरण केलं, भात केला, दोन पातेली कपड्यात बांधली आणि मला वर पाठवलं. आमच्या घरासाठी जे कुणी केलं नव्हतं ते सगळं तिनं एका अनोळखी बाईसाठी रीतसर केलं.

दार त्या बाईनंच उघडलं. मी शाळेतल्या इंग्रजीत म्हटलं की आम्हांला फार वाईट वाटतं. तिनं पातेली घेतली, हसली, आणि म्हणाली की त्यात काय, तुम्ही चांगली माणसं आहात. मला वाटलं, धीराची बाई आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा वरण-भात, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिनं मला आत बोलावलं. नवरा टेबलाशी बसून गिटारीच्या तारा बदलत होता, चांगला जिवंत. मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुमच्याकडे कोण वारलं?"

नवऱ्यानं गिटार बाजूला ठेवली. मग उलगडा झाला. तिला वाटलं होतं की इथं नव्या भाडेकरूला जेवण देण्याची पद्धत असेल, आणि मी वाईट वाटतं म्हणाले ते आमच्या घरातली पोरं दिवसभर जिन्यात धिंगाणा घालतात त्याबद्दल. आणि ते रडणं? ते गाणं होतं. ती इस्त्री करताना गात होती.

खाली येऊन मी हे सांगितल्यावर चाची कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मेलं कोण नाय तर रडते कशाला? आणि जिचं खरं मेलंय ती..." एवढं बोलून ती थांबली आणि ओटा पुसायला लागली. चाचीला बोलणं अर्धं सोडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं हे आमच्यासारखं त्यांच्याकडेही असावं. दोन दिवसांनी पातेलं परत आलं त्यात बटाट्याचं जाड, गोल ऑम्लेट होतं. चाचीनं ते सुरीनं उचकटून बघितलं, वास घेतला, मला पुन्हा वर पाठवून अंडी, बटाटा, कांदा आणि ऑलिव्हचं तेल याशिवाय त्यात काही नाही याची खात्री करून घेतली, आणि मगच ते ताटात आलं. बाबांनी दोन तुकडे खाल्ले. "मीठ बरोबर हाय," म्हणाले. कितीतरी आठवड्यांत जेवणाबद्दल त्यांनी काढलेला तो पहिला शब्द होता. तेव्हापासून पातेलं वर-खाली जात राहिलं आणि त्याच्याबरोबर मी.

तिचं नाव रोसारियो. परदेशी लोकांच्या वसाहतीत ती मुलींना फ्लामेंको हा त्यांच्याकडचा नाच शिकवायला जायची. मी तिला पहिल्यांदा हेच विचारलं, की कुणी मेलेलं नसताना असं गाता कसं येतं. कारण माझी आई खरोखर गेली होती आणि माझ्या घशातून हुंदकाही निघत नव्हता. हे दुसरं वाक्य मी बोलले नाही, पण तिला ते कळलं असावं, कारण आमच्या इमारतीत कुणाचं काहीच लपून राहत नसे. तिनं सांगितलं की नाच नंतरचा, गिटारही नंतरची, आधी गाणं. दक्षिण स्पेनमधले तिचे पूर्वज, रस्त्यावरून हाकलले गेलेले भटके लोक, लोहारकाम करायचे. भट्टीपाशी बसून गायचे, साथीला फक्त ऐरणीवरचा हातोडा. ते गाणारे सगळे मेले, त्यांची दुःखंही मेली. "मी फक्त ती इस्त्री करते," ती म्हणाली. मला तेव्हा हे बोलणं उडवाउडवीचं वाटलं होतं.

चाचांना कुठून तरी कळलं की हे भटके लोक फार पूर्वी आपल्याच मुलखातून तिकडे गेलेले. मग काय, भेटेल त्याला सांगत सुटले की हे आपलंच. मी ते वर जाऊन सांगितलं तर रोसारियो हसली. "इंडियन म्हणतात आमचं, स्पेनवर कधीकाळी अरबांचं राज्य होतं म्हणून आमचे अरब घरमालक म्हणतात आमचं. टाळी धरायला मात्र कुणी येत नाही."

टाळी धरायला मी बसले. नाच शिकायची मला हौस नव्हती आणि चाचीनं शिकूही दिला नसता. पण हा सगळा डोलारा टाळीवर उभा असतो. बारा मात्रांचा एक फेरा, त्यात वजन कुठं द्यायचं ते ठरलेलं, आणि तोल असा चमत्कारिक की आपण सरळ मोजायला गेलो की पाय घसरतो. टाळ्याही दोन जातीच्या. एक कडक, बोटं तळव्यावर आपटून काढलेली. दुसरी पोकळ, दोन्ही तळहातांची ओंजळ करून, दबक्या आवाजाची, गाणाऱ्याला झाकून टाकू नये म्हणून. तिच्या मुलींना ही पोकळ टाळी यायला महिने लागत. मला ती पहिल्याच दिवशी आली. रोसारियोनं माझे हात उलटेसुलटे करून बघितले. "हे कुणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, कुणीच नाही.

आणि मी चुकत नसे. गिटार वाहवत गेली, रोसारियोच्या पायांनी वेग घेतला, तरी माझा फेरा आपल्या जागी. ती खूश असायची. "गाणारा रडतो, नाचणारी पेटते, टाळीवाल्यानं थंड राहायचं असतं," ती म्हणायची. "तू थंड आहेस. फार चांगलं." ज्या गोष्टीसाठी खालच्या मजल्यावर मला दगड म्हणत होते तिलाच वरच्या मजल्यावर किंमत होती. मला बरं वाटायचं. निदान काहीतरी वाटायचं.

मग तिच्या एका शिष्येच्या आईनं, कतारी बाईनं, घरच्या साखरपुड्याला रोसारियोला नाचायला बोलावलं. बायकांचा वेगळा हॉल, आत एकही पुरुष नाही. म्हणजे नवरा नाही, आणि गिटारही नाही. कॅसेट लावून नाचायला तिनं साफ नकार दिला. "कॅसेट माझ्या पायांकडे बघत नाही," म्हणाली. मग उरले माझे हात.

चाची कडाडली. "वरीस झालं नाय जाऊबाय जाऊन, आणि पोर साखरपुड्यात टाळ्या पिटणार? गावात कळलं तर काय तोंड दाखवू?"

बाबा टेबलावरून हात फिरवत होते. "जाऊ दे तिला," एवढंच म्हणाले. चाचीनं त्यांच्याकडे बघितलं आणि मग आपली चांगली ओढणी काढली. पोरीला एकटी पाठवायची नाही, म्हणून ती स्वतः आली.

हॉलमध्ये अत्तर, ऊद आणि थंड एसी. गालिच्याच्या मधोमध लाकडी फळी टाकलेली. रोसारियोनं काळा पोशाख घातला होता आणि तिच्या बुटांच्या टाचांना खिळे ठोकलेले होते. मी फळीच्या कडेला खुर्चीत. सुरुवात झाली आणि थोड्याच वेळात बायकांना ते आवडलं, आणि घोटाळा तिथंच झाला. कुठलाही नाच आवडला की टाळ्यांनी साथ द्यायची हे तिकडचं आणि आपलंही दिलदार वळण. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. अरब बायका त्यांच्या सफाईदार उलटसुलट तालात, आणि मागच्या रांगेतल्या आपल्याकडच्या बायका, लग्नात गाण्याला वाजवतात तशा सरळ ठोक्यात. रोसारियोची पावलं एकदा अडखळली. तिनं माझ्याकडे बघितलं. एवढ्या टाळ्यांतून तिला माझी टाळी हवी होती, आणि मी सोडली तर ती त्या फळीवर सगळ्यांसमोर उघडी पडणार होती. मी कडक टाळी धरली आणि कुठंच बघितलं नाही. बाकीचं सगळं माझ्यापासून लांब गेलं. ती माझ्या खुर्चीसमोर येऊन, माझ्या हातांकडे बघत नाचली, आणि हळूहळू पुढच्या रांगेतल्या बायका थांबल्या, मग मागच्या. शेवटी फक्त तिचे पाय आणि माझे हात राहिले.

मग ती घामेजून उभी राहिली आणि न नाचता तिनं ते इस्त्रीचं गाणं म्हटलं. त्याला टाळी नसते. मी हात मांडीवर ठेवून ऐकलं. एक म्हातारी कतारी बाई बुरख्याच्या टोकानं डोळे पुसत होती. मी वाट बघितली, आता मलाही येईल म्हणून. आलं नाही. त्या दिवशी मला माझी भीती वाटली. हे असंच राहिलं तर, असं पहिल्यांदा मनात आलं. गाडीत चाचीनं ओढणी सोडून मांडीवर घडी घातली. मग म्हणाली, "मी म्हटलं होतं तेच खरं. त्या गाण्यात कोणतरी मेलंय."

पुढच्या शुक्रवारी बाबा नमाजाहून आले आणि टेबलाशी बसले. चाची आत मसाला भाजत होती, गॅसवर कालवणाचं पातेलं चढलेलं. चाचा पोरांना घेऊन बाहेर गेले होते. बाबा प्लास्टिककडे बघत म्हणाले, "काय वाजवलंस तिथं? दाखव बघू मना."

कडक टाळी घरात फार कर्कश लागली असती, म्हणून मी पोकळ धरली. दबक्या आवाजात, बाराचा फेरा, पुन्हा पहिल्यापासून. दोनतीन फेरे झाले असतील. बाबांचा टेबलावर फिरणारा हात थांबला.

"ही तर तुझ्या आयची," ते म्हणाले. "अशीच थोपटायची ती तुला. हाताचा खळगा करून. तू झोपायचीस नाय, मग मना सांगायची, तुमी थोपटा. मना तसं जमलंच नाय कधी."

आणि बाबा रडायला लागले. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, आमच्या त्या खिडकीतून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं. मी टाळी थांबवली नाही. नाचणारी थांबेपर्यंत टाळीवाल्यानं थांबायचं नसतं हे अंगात भिनलेलं होतं. पण तळहात चुरचुरायला लागले होते आणि ते मला कळत होतं. मग मनगटं, मग घसा. मी खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसले आणि तोच ताल त्यांच्या पाठीवर धरला. माझ्या हनुवटीवरून पाणी गळून त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडत होतं. ते माझंच आहे हे समजायला मला थोडा वेळ लागला.

चाची दारात आली. हातात पळी होती. या खेपेला ती मागं वळली आणि तिनं गॅस बंद केला. मसाला अर्धा भाजलेला, कालवण अर्धं शिजलेलं, तसंच. मग रिकामं पातेलं उचलून ती जिना चढून वर गेली. चाचीला इंग्रजी येत नव्हतं, रोसारियोला मराठी. काय बोलली, कसं बोलली, ते तिनं मला मरेपर्यंत सांगितलं नाही, आणि मी विचारलंही बऱ्याचदा.

तासाभरानं रोसारियो स्वतः खाली आली. पातेलं दोन्ही हातांनी धरलेलं, फडक्यात बांधलेलं. तिनं ते टेबलावर ठेवलं आणि निघून गेली. चाचीनं झाकण काढलं. आत मसुराची डाळ होती. तिला फोडणी घातलेली नव्हती.